घरातली चार मतं आणि टपालाचा घोळ

ताई, तुमचा प्रश्न वाचला. कराडजवळच्या गावात घर, सासूबाई ८७ वर्षांच्या आणि गुडघ्यामुळं बूथपर्यंत जाऊ शकत नाहीत, मिस्टर झेडपीच्या शाळेत शिक्षक म्हणजे इलेक्शन ड्युटी ठरलेली, थोरले दीर फौजेत सध्या अरुणाचलला, आणि धाकटे दीर हिंजवडीला आयटीत. मागच्या विधानसभेला चौघांपैकी फक्त मिस्टरांचं मत झालं, बाकी तिघांचं राहिलं, तर पुढच्या वेळी सगळ्यांचं पोस्टानं कसं करायचं असं विचारलंय तुम्ही. मी महसूल खात्यातनं नायब तहसीलदार म्हणून रिटायर झालोय, सातारा आणि सांगली दोन्हीकडं नोकरी झाली, आणि कुठंही गेलो तरी इलेक्शन लागलं की टपाली मतपत्रिकेचा कक्ष माझ्याच गळ्यात पडायचा, कारण ते काम कुणालाच नको असतंय. त्यामुळं जरा लांबण लावतो, चहा घेऊन बसा.

आधी वाईट बातमी. धाकट्या दिरांचं पोस्टानं होणार नाही. आपल्याकडं टपाली मतदान हे मागेल त्याला नाहीये. १९६१ च्या निवडणूक नियमांत कोणाकोणाला द्यायचं ते ठरवून दिलंय आणि त्या यादीत बसला तरच कागद मिळतो. पुण्यात नोकरी आहे, सुट्टी मिळत नाही, एसटीचं बुकिंग मिळत नाही, ह्यातलं काहीही चालत नाही. विटा-आटपाडीकडची गलाईवाली (सोनं-चांदी गाळणारी) मंडळी देशभर पसरलीत, जावळी-पाटणची निम्मी तरणी पोरं नवी मुंबईत माथाडीला, त्यांनाही नाही. परदेशातल्या माणसाचं नाव ६-ए फॉर्म भरून गावच्या यादीत लागतंय, पण मत द्यायला पासपोर्ट घेऊन स्वतः यावं लागतंय. बाहेरगावी राहणाऱ्यांसाठी वेगळं मशीन काढायचं डिसेंबर २०२२ मध्ये आयोगानं जाहीर केलं होतं, जानेवारी २०२३ मध्ये पक्षांना बोलावलं पण होतं, पण ते काय पुढं सरकलं नाही. तेव्हा धाकट्यांना दोनच रस्ते, एकतर फॉर्म ८ भरून नाव पुण्याच्या यादीत न्यायचं नाहीतर मतदानाला गावाला यायचं. आणि सुट्टीचं म्हणाल तर मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी कायद्यानं आहे, नोकरी दुसऱ्या मतदारसंघात असली तरी ती मिळते, एचआरला एक मेल टाकायला सांगा.

आता सासूबाई. ह्यांचं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात जास्त हुकतं तेही ह्याच लोकांचं. २०२४ पासून वयाची अट ८५ आहे, त्याच्या आधी ८० होती, म्हणून बऱ्याच घरात अजून ८० चंच डोक्यात बसलंय. ८५ च्या वर वय किंवा ४० टक्के आणि वर अपंगत्व असेल तर घरून मतदान मिळतं. पण आपोआप कोण घरी येत नाही, त्यासाठी १२ डी नावाचा फॉर्म भरून द्यावा लागतो आणि तो कधी द्यायचा इथंच सगळा घोळ.

टीव्हीवर इलेक्शन जाहीर होतं, आचारसंहिता लागते, ती तारीख वेगळी. अधिसूचना निघते ती तारीख वेगळी. १२ डी ची मुदत अधिसूचनेपासून पुढं पाच दिवस. मागच्या विधानसभेचंच घ्या, जाहीर झालं १५ ऑक्टोबर २०२४ ला, अधिसूचना २२ ला, म्हणजे फॉर्मची मुदत २७ ऑक्टोबरला संपली. दुसऱ्या दिवशी वसुबारस. घराघरात फराळाचा कालवा, कोण फॉर्मच्या मागं लागतंय, आणि मतदान २० नोव्हेंबरला म्हणून लोक निवांत, बघू की दिवाळी झाल्यावर. दिवाळी झाल्यावर आले की आम्ही हात जोडायचो. मुदत गेली की आरओच्या, म्हणजे निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या, हातातसुद्धा काही राहत नाही, कितीही मोठ्या माणसाचा फोन आला तरी.

बीएलओ (बूथची मतदार यादी सांभाळणारा माणूस) घरी येऊन १२ डी देतो आणि भरून घेऊन जातो अशी पद्धत आहे. पण बीएलओ म्हणजे कोण, तर तुमच्या मिस्टरांसारखाच एखादा शिक्षक नाहीतर अंगणवाडी ताई, अंगावर हजार मतदार आणि वर स्वतःची नोकरी. तो आला तेव्हा म्हातारी मुलीकडं गेलेली असली की राहिलंच. म्हणून त्याची वाट बघत बसू नका, जाहीर झालं की त्याला फोन लावा, नंबर आयोगाच्या ॲपवर मिळतो. फॉर्म दिला की पोच घ्या, पोच नसेल तर फॉर्म दिलाच नाही असं समजा.

आणि एक गोष्ट आजच बघा, सासूबाईंचं वय मतदार यादीत किती लागलंय. आधार कार्ड, शाळेचा दाखला, घरच्यांचं तोंडी वय ह्यातलं तिथं काही चालत नाही, यादीतलं वय बघतात. जुन्या बायकांच्या जन्मतारखा सगळ्या अंदाजपंचे, १ जून नाहीतर १ जानेवारी, आणि यादीत ८३ लागलं असेल तर त्या ८७ च्या असून उपयोग नाही. आता वेळ आहे, फॉर्म ८ नं दुरुस्त होतंय. अपंगत्वाचं पण तसंच, दाखला हवा आणि तो फॉर्मला जोडायचा. गुडघे गेलेत, अंथरुणाला खिळलेत पण वय ७९ आणि दाखला नाही, तर घरून मतदान नाही, हे मला सुद्धा बरोबर वाटत नाही पण नियम तो आहे. त्यांच्यासाठी बूथवर व्हीलचेअर असते, आधी सांगून ठेवलं तर सोय होते.

फॉर्म मंजूर झाला की मतदानाच्या आधीच्या काही दिवसांत पथक घरी येतं. दोन मतदान कर्मचारी, मायक्रो ऑब्झर्वर, पोलीस आणि कॅमेरावाला, एवढी वरात बघून म्हातारी माणसं दचकतात, म्हणून घरात आधी सांगून ठेवा. कोणत्या दिवशी येणार ते कळवतात, उमेदवारांनाही ती यादी मिळते, त्यांचा माणूस येऊन बघू शकतो. पुठ्ठ्याचा आडोसा लावतात, त्याच्या मागं बसून सासूबाईंनी पेनानं खूण करायची, कागद लहान पाकिटात घालून चिकटवायचा. नोटाचा रकाना त्या कागदावर पण असतो. त्यांना दिसत नसेल किंवा हात थरथरत असेल तर सोबतीला १८ वर्षांवरचं एक माणूस चालतं. पण दिसतंय, हात चालतोय आणि तरी मुलगा आडोशाच्या आत डोकं घालून "आई हितं कर गं" म्हणतोय असं झालं तर पथक त्याला बाहेर काढणार, कॅमेरा चालू असतो. माझ्या पाहण्यात म्हाताऱ्याच कितीदा म्हणायच्या, सरक बाजूला, मला कळतंय.

पहिल्यांदा आले तेव्हा घरी नसतील तर पथक दुसऱ्यांदा येतं, तिसऱ्यांदा येत नाही. आणि १२ डी मंजूर झाला की यादीत त्यांच्या नावापुढं पीबी (पोस्टल बॅलट, म्हणजे टपाली मत) असा शिक्का पडतो, मग मतदानाच्या दिवशी त्यांना रिक्षात घालून बूथवर नेलं तरी मत देता येत नाही. म्हणून फॉर्म भरायच्या आधीच घरात ठरवा. काही आजीबाईंना बूथवरच जायचं असतं, शाई लावून घ्यायची असते, चार जणी भेटतात तिथं. त्यांना जबरदस्ती १२ डी भरायला लावू नका, घरून मतदान ऐच्छिक आहे.

आता मिस्टर. त्यांचं मत झालंय म्हणजे त्यांना पद्धत माहितीय, पण लोकसभेला आणि विधानसभेला फरक पडतो तो सांगतो कारण शिक्षक लोक तिथंच भांडत असतात. ड्युटीवरच्या माणसाला दोन प्रकार, एक टपाली मतपत्रिका आणि दुसरं ईडीसी. ईडीसी म्हणजे दाखला, तो घेऊन ज्या बूथवर ड्युटी आहे तिथंच मशीनवर मत टाकायचं. पण ते कधी, तर ड्युटीचं बूथ स्वतःच्याच मतदारसंघात असेल तेव्हाच. विधानसभेला कर्मचाऱ्याला मुद्दाम बाहेरच्या मतदारसंघात पाठवतात, त्यामुळं जवळपास सगळ्यांना टपालीच. लोकसभेला मतदारसंघ मोठा, तिथं गंमत होते. तुमचं कराड दक्षिण सातारा लोकसभेत, मिस्टरांना पाटणला ड्युटी लागली तर पाटण पण साताऱ्यातच, ईडीसी मिळणार. पण दहिवडीला लागली तर माण विधानसभा माढा लोकसभेत, जिल्हा सातारा असला तरी, मग टपाली. सांगलीकडं पण हेच, शिराळा आणि इस्लामपूर हातकणंगले लोकसभेत, तिथला मास्तर मिरजेला ड्युटीला आला की त्याला ईडीसी चालत नाही. मतदानाच्या आदल्या दिवशी साहित्य वाटपाच्या मांडवात हे कळलं की मग आरडाओरडा.

टपालीसाठी फॉर्म १२, ईडीसीसाठी १२-ए. ट्रेनिंगच्या ठिकाणीच टेबल लावलेलं असतं, ड्युटीच्या ऑर्डरची झेरॉक्स जोडायची. नियमानं फॉर्म १२ मतदानाच्या सात दिवस आधी आणि १२-ए चार दिवस आधी पोचायला पाहिजे, तेव्हा पहिल्या ट्रेनिंगलाच देऊन टाका. फॉर्म परत जातो तो बहुतेक वेळा एकाच कारणानं, यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक चुकीचा. लोक मागच्या इलेक्शनची चिठ्ठी बघून नंबर लिहितात. यादी दरवेळी नवीन होते, नंबर सरकतात, आणि तुमचा फॉर्म दुसऱ्याच तालुक्यातल्या आरओकडं जातो तिथं तो क्लार्क त्या नंबरला बघतो तर भलत्याच बाईचं नाव. ट्रेनिंगला जाताना ताजा नंबर मोबाईलवर काढून जायचं, कार्डावरचा मतदार क्रमांक लिहायचा, एवढं केलं तर शंभरात नव्वद कटकटी मिटल्या.

पूर्वी कर्मचारी मतपत्रिका घरी घेऊन जायचे आणि पोस्टानं पाठवायचे नाहीतर मोजणीच्या दिवशी सकाळपर्यंत पेटीत आणून टाकायचे. ते आता बंद झालं, २०२३ मध्ये नियम बदलला, सुविधा केंद्रातच घ्यायची, तिथंच खूण करायची आणि तिथंच पेटीत टाकायची. माझ्या मते हे फार बरं झालं. घरी नेलेल्या मतपत्रिकेवर कोण कोण नजर ठेवून असायचं ते मी बोलत नाही, तुम्ही गावातल्या आहात, तुम्हाला माहितीय. पोलीस, होमगार्ड, कर्मचाऱ्यांना घेऊन जाणारे एसटीचे ड्रायव्हर, ह्यांनाही हे मिळतं पण ते मागतच नाहीत. अत्यावश्यक सेवेतल्या, म्हणजे वीज, दवाखाना, अग्निशमन वगैरे आयोगानं त्या इलेक्शनला जाहीर केलेल्या खात्यातल्या लोकांना पण १२ डी भरून मिळतं, त्यांचं केंद्र वेगळं आणि तीन दिवस चालतं, त्यांनी खात्याच्या नोडल अधिकाऱ्याला धरायचं.

थोरल्या दिरांचं सांगतो, ह्यांचं खरोखर टपालानं येतं आणि म्हणून सगळ्यात अवघड.

फौजी माणसाचं नाव गावच्या साध्या यादीत नसतं, सर्व्हिस वोटर म्हणून यादीच्या शेवटच्या भागात असतं. त्यासाठी फॉर्म २, आणि तो तहसीलला येऊन भरायचा नाही, युनिट आणि रेकॉर्ड ऑफिसमार्फत येतो. साध्या यादीत पण नाव आणि इकडं पण नाव असं ठेवू नका. तुमच्या जाऊबाई दिरांच्या सोबत क्वार्टरला राहत असतील तर त्यांचंही नाव सर्व्हिस वोटरमध्ये लागतं, गावात राहत असतील तर त्या साध्या मतदार, बूथवर जाणार. मुलांना ही सवलत नाही.

आता मतपत्रिका इकडून पोस्टानं जात नाही, २०१६ पासून ऑनलाईन जाते, ईटीपीबीएस म्हणतात त्याला. उमेदवारी माघारीची मुदत संपली की मतपत्रिका तयार होते, आरओ अपलोड करतो, तिकडं ओटीपी टाकून डाऊनलोड करायची, पिन टाकून प्रिंट काढायची. येताना मात्र कागदच, पोस्टानं. आणि वेळ किती, तर मागच्या विधानसभेला माघार ४ नोव्हेंबरला, मोजणी २३ ला. मधल्या एकोणीस दिवसांत अपलोड, डाऊनलोड, प्रिंट, साहेबांची सही आणि अरुणाचलच्या डोंगरातनं कराडपर्यंत पोस्ट. मोजणीच्या दिवशी सकाळी आठ वाजता मोजणी सुरू होते, आठच्या आत लिफाफा आरओकडं पोचला तर धरला, आठ वाजून पाच मिनिटांनी पोस्टमन आला तर तो लिफाफा न फोडता बाजूला. म्हणून दिरांना सांगा, माघारीच्या दुसऱ्या दिवसापासून पोर्टल बघायचं आणि प्रिंट मिळाली त्याच दिवशी टाकायचं, मित्रांचं पण होऊ दे मग एकदम पाठवू असं करायचं नाही.

आणि आता लिफाफा. हे नीट वाचा, कारण माझ्या टेबलावर बाद झालेल्या मतांतली बरीचशी इथं मेलीत, मत द्यायला कुणी चुकत नाही. कागद तीन समजा. एक मतपत्रिका. दुसरं घोषणापत्र म्हणजे १३-ए, त्यावर स्वतःची सही आणि अधिकाऱ्याची साक्षांकनाची सही, फौजेत असेल तर कमांडिंग ऑफिसर किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी. तिसरं लिफाफे, लहान १३-बी आणि मोठा १३-सी. लहान लिफाफ्यात फक्त आणि फक्त मतपत्रिका. तो चिकटवायचा. मग लहान लिफाफा आणि १३-ए दोन्ही सुट्टे मोठ्या लिफाफ्यात. लोक काय करतात, मतपत्रिका आणि घोषणापत्र दोन्ही व्यवस्थित घडी घालून लहान लिफाफ्यात कोंबतात, लग्नपत्रिकेत अक्षता घातल्यासारखं. मोजणीला आम्ही मोठा लिफाफा फोडतो, घोषणापत्र सापडत नाही, आणि घोषणापत्र नसेल तर लहान लिफाफा फोडायचाच नाही असा नियम. ते आतच आहे हे सगळ्यांना हाताला लागतंय, दोन्ही पक्षांचे एजंट बघतात, तरी फोडता येत नाही. मत बाद.

दुसरं, १३-ए वर मतपत्रिकेचा अनुक्रमांक लिहायचा असतो आणि तोच लहान लिफाफ्यावर असतो. ते दोन जुळले नाहीत तर बाद. तिसरं, साक्षांकनाची सही राहिली, बाद. फौजींच्या लिफाफ्यावर क्यूआर कोड असतो, मोजणीला तो स्कॅन होतो, लेबल चिकटवताना त्याच्यावर गोंद फासू नका, घडी पाडू नका.

मतपत्रिकेवर खूण कशी करायची हे सगळे विचारतात आणि तिथं खरं तर नियम बराच सैल आहे. बरोबरची खूण करा, फुली करा, उमेदवाराच्या नावासमोर स्पष्ट दिसली की झालं. खूण पुसट आहे किंवा दोनदा केलीय म्हणून मत बाद करत नाहीत, कुणाला दिलंय ते कळतंय ना, मग धरतात. बाद कधी, तर दोघांसमोर खूण, कुणासमोरच नाही, दोघांच्या मधल्या रेषेवर, किंवा मतदार ओळखू येईल असं काही लिहिलंय. शिक्षकांची खोड म्हणजे कुठलाही कागद समोर आला की खाली सही ठोकायची, ती मतपत्रिकेवर पण ठोकतात, गेलं मत. "जय शिवराय" लिहिलेल्या पण बघितल्यात मी. आणि फोन बाहेर ठेवायचा, मतपत्रिकेचा फोटो काढून स्टेटसला टाकला तर मत राहतं बाजूला आणि पोलीस ठाण्याच्या चकरा सुरू होतात.

कुणी म्हणेल की सहीचा कागद आणि मत एकाच पाकिटात, म्हणजे मास्तरांनी कुणाला दिलं ते कळणार. नाही कळत. मोजणीला आधी घोषणापत्रं तपासून वेगळी सील होतात, मग लहान लिफाफे फोडायला घेतात, तोवर कुणाचं कुठलं ते टेबलावरच्या माणसाला सांगता येत नाही. एका टेबलाला जास्तीत जास्त पाचशे मतपत्रिका देतात आणि आठ वाजता हेच काम पहिलं सुरू होतं, मशीन अर्ध्या तासानं. आणि ही चिल्लर मतं आहेत असं समजू नका, २०२४ च्या लोकसभेला मुंबई उत्तर पश्चिमचा निकाल ४८ मतांवर लागला. विजयाचा फरक बाद टपाली मतांपेक्षा कमी असेल तर ती सगळी बाद मतं आरओला पुन्हा तपासावी लागतात, एवढं त्याला वजन आहे.

थोरल्या दिरांना पोस्टाचा भरवसा नसेल तर अजून एक सोय आहे आणि ती फारशी कुणी वापरत नाही, प्रॉक्सी. अपशिंगे मिलिटरीसारखं गाव घ्या, घरोघरी फौजी, पण तिकडच्या माणसांकडं सुद्धा मी प्रॉक्सीचा विषय काढला की बघत राहायची. सैन्यदलातला जवान त्याच मतदारसंघात राहणाऱ्या सज्ञान माणसाला आपलं मत टाकायला नेमू शकतो. फॉर्म १३-एफ, दिरांनी कमांडिंग ऑफिसरसमोर सही करायची, इकडं नेमलेल्या माणसानं, समजा जाऊबाईंनी, नोटरी किंवा फर्स्ट क्लास मॅजिस्ट्रेटसमोर, आणि तो फॉर्म उमेदवारी अर्ज भरायची मुदत संपायच्या आत आरओकडं पोचला पाहिजे. नंतर पोचला तर त्या इलेक्शनला नाही, पुढच्याला चालतो, कारण एकदा नेमलेला प्रॉक्सी रद्द करेपर्यंत राहतो. मग जाऊबाई स्वतःचं मत टाकणार, तर्जनीला शाई, आणि दिरांचं टाकणार, त्याला डाव्या हाताच्या मधल्या बोटाला शाई. प्रॉक्सी नेमला की पोस्टानं मत देता येत नाही, दोन्ही नाही. नवराबायकोचं राजकारण एक नसेल तर मात्र विचार करून नेमा, आत गेल्यावर जाऊबाई कुठलं बटण दाबतात ते दिरांना कळणार नाही.

स्थानबद्ध केलेल्या माणसाला टपाली मिळतं, कच्च्या कैद्याला मिळत नाही, एवढं जाता जाता, कुणीतरी विचारतंच.

आणि हे सगळं लोकसभा-विधानसभेचं आहे. झेडपी, पंचायत समिती, नगरपालिका, ग्रामपंचायत ही राज्य निवडणूक आयोगाची इलेक्शनं, त्यांचे नियम वेगळे, १२ डी आणि घरून मतदानाचा हा प्रकार तिकडं धरून चालू नका. झेडपीला सासूबाईंना बूथवर न्यायची तयारी ठेवा आणि मिस्टरांनी ट्रेनिंगला त्या इलेक्शनचा टपालीचा फॉर्म वेगळा मागून घ्यावा. सासूबाईंच्या यादीतल्या वयाचं काय निघालं ते बघून सांगा, फॉर्म ८ भरताना अडलं तर कुठला पुरावा जोडायचा ते सांगतो.